एक नंबर मोठी रायफल

ऑकलंडच्या विमानतळावर तपासणीच्या माणसाने माझी बॅग उघडली तेव्हा सगळ्यात वर होता मरून रंगाचा लोकरी स्वेटर. त्याने तो उचलून धरला आणि विचारलं, "तुमचा?"

"मुलीचा," मी म्हटलं.

"उंच दिसते तुमची मुलगी."

केतकी माझ्याएवढीच आहे, पाच फूट एक इंच. पण मी तिचं सगळं एक नंबर मोठंच घेते. आधी वाढत्या अंगाचं म्हणून घ्यायचे, आणि अंग वाढायचं थांबून वीस वर्षं झाली तरी माझी खोड गेली नाही. तिचे शाळेचे बूट तर इतके मोठे असायचे की पुढे कापूस कोंबून ती पहिली सहामाही काढायची.

बाहेर केतकी उभी होती. स्वेटर तिथेच घातला, बाह्या दोनदा दुमडल्या आणि म्हणाली, "मस्त आहे, आई." शहराच्या टोकाची पापाकुराची घरं मागे पडली तशी दोन्ही बाजूंना हिरवळ सुरू झाली, ती थेट केतकीच्या गावापर्यंत, हॅमिल्टनपर्यंत. पुण्यात एप्रिलचा वैशाखवणवा पेटायला आलेला आणि इथे पॉप्लरची झाडं पिवळी पडून थंडीची वाट बघत होती. मला फार आनंद झाला. तीन वर्षांनी लेक शेजारी बसून गाडी चालवत होती.

केतकी तिथे दूध-पावडरच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तिथल्या मैत्रिणींमुळे तिला शिकारीचा नाद लागला. या देशात हरणं बाहेरून आणून सोडलेली, आता ती माजून शेतं आणि जंगलं खातात, त्यामुळे शिकारीला कोणी नाक मुरडत नाही. दोन वर्षांपूर्वी परवाना मिळाल्यावर तिने मला फोन केला होता, "आई, रायफल कुठली घेऊ?" मी पुण्यात दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होते. विचारणार कोणाला, मलाच ना. मी म्हटलं, "हरीण दीडशे किलोचं म्हणतेस, मग मोठंच काडतूस घे. लहान घेऊन पस्तावण्यापेक्षा मोठं घेऊन निवांत." तिने थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह घेतली. दोन हंगाम गेले, हरीण एकही नाही.

"या वेळी नाही जमलं तर विकून टाकणारे," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "गेल्या वर्षी गोळी पार खाली गेली, हरणाच्या पायाजवळची माती उडाली. थोडी वर असती तर पाय तुटून ते पळालं असतं. मला नाही ते सहन होणार. आय ॲम नॉट कट आउट फॉर इट, आई."

दुसऱ्या दिवशी आम्ही दीड तासावर शर्लीच्या शेतावर गेलो. शर्ली सत्तरीची, माझ्याहूनही बुटकी, गुडघ्यापर्यंत गमबूट आणि दारात चार कुत्री. "किया ओरा," म्हणजे तिथला नमस्कार, म्हणाली आणि आधी चहा, मग मेंढीच्या मटणाचा 'पाय' (कणकेच्या पारीत भरून भाजलेलं मटण) पुढे ठेवला. तिचं हिवाळ्यासाठी राखलेलं गवत हरणं फस्त करत होती, म्हणून तिने केतकीला बोलावलं होतं. केतकीची रायफल बघून मात्र ती थबकली.

"ही आफ्रिकेतल्या रेड्यांसाठी असते, बाई. इथे रेडा कुठे दिसला तुला?"

केतकीने माझ्याकडे पाहिलं नाही. मी पायचा मोठा घास घेतला.

दुपारी मागच्या पॅडकमध्ये (कुंपण घातलेल्या कुरणात) टेकडीच्या पोटाशी शर्लीने कागदी निशाण लावलं. समोर लाकडी बाक आणि वाळूची पिशवी. केतकीने तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही खाली, एक तर चिखलात. मला कारखान्यातली एक युक्ती आठवली. तिथे आम्ही नमुन्यांत गुपचूप एखादं खोटं, बिनदारूचं काडतूस मिसळत असू, तपासणाऱ्यालाच तपासायला. शर्लीकडे सरावाचं असं एक काडतूस होतं. केतकीला पाठ फिरवायला सांगून शर्लीने ते भरलं. केतकी बसली, नेम धरला, चाप ओढला. नुसतं 'टक्' झालं. पण त्याच्या आधीच नळी वीतभर खाली गेली होती आणि केतकीचे डोळे गच्च मिटले होते.

तिचा नेम वाईट नव्हताच. ती धक्क्याला भीत होती.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तर जाकिटाच्या आत काहीतरी जाड लागलं. तिने टॉवेलची घडी आतून टाके घालून शिवली होती. मला बुटातला कापूस आठवला.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून," ती हळूच म्हणाली. "तू एक्स्पर्ट ना, आई. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

एक्स्पर्ट! कारखान्यात नळी लोखंडी घोडीला बोल्टने आवळलेली असायची. मी दाब मोजला, वेग मोजला, एकतीस वर्षं सह्या केल्या. पण रायफल एकदाही खांद्याला लावली नव्हती.

"मला दे," मी म्हटलं.

शर्ली हसली. केतकी नको नको म्हणत होती, पण परवानेवाल्याने जवळ थांबायचं या नियमाप्रमाणे माझ्या अगदी शेजारी उभी राहिली, खांद्याला घट्ट धर, दुर्बिणीपासून डोळा लांब ठेव, असं चार वेळा बजावत. मी चाप ओढला. मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. बैलाने ढुशी दिली असं वाटलं, आभाळ दिसलं, आणि मी बाकाच्या मागे गवतात बसले होते. चष्म्याची एक काडी वाकून कपाळावर गेली होती. निशाणाला तर गोळी लागलीच नव्हती. आधी मी हसायला लागले, मग शर्ली, मग केतकी, आणि केतकीला हसता हसता रडू आलं.

"चूक माझी आहे," मी गवतात बसूनच म्हटलं. "तुझं काही चुकलं नव्हतं. दोन वर्षं मी तुला उगाच मार खायला लावला."

शर्लीने आपली रायफल आणली. थ्री-ओ-एट, इथल्या शिकाऱ्यांची रोजच्या वापरातली, पुढे आवाज आणि धक्का कमी करणारं नळकांडं. "जागेवर लागली तर हरणाला हीच हीप्स झाली," ती म्हणाली, म्हणजे पुष्कळ. "आणि जागेवर न लागणारी तोफसुद्धा कमीच." केतकीने टॉवेल उसवून काढला. पहिल्या दोन गोळ्यांना डोळे मिटले. पुढच्या पाच एका वाटीत मावल्या असत्या.

पहाटे उजाडताना आम्ही तिघी टेकडीवर पालथ्या पडलो होतो. खाली धुकं, ओल्या गवताचा वास, आणि धुक्यातून निघालेल्या चार हरण्या, पिल्लू एकही नाही. शंभर-सव्वाशे मीटर. केतकी इतका वेळ थांबली की माझाच श्वास कोंडला. एक हरणी आडवी उभी राहिली. या वेळी मी हरणीकडे नाही, लेकीकडे बघत होते. तिचे डोळे उघडे होते.

हरणी जागच्या जागी बसली. केतकीने जवळ जाऊन तिच्या मानेवर बराच वेळ हात ठेवला. "तिला कळलंही नसेल ना, आई?"

"नाही कळलं," मी म्हटलं. मला तिचा अभिमान वाटला आणि हरणीसाठी वाईटही वाटलं. दोन्ही खरं होतं.

रात्रीच्या जेवणाला मी काळा मसाला घालून रस्सा केला. शर्लीने तीनदा वाढून घेतला आणि नाक पुसत "स्वीट ॲज" म्हणाली, म्हणजे झकास. तीन आठवडे मी चिकटपट्टी लावलेल्या चष्म्यातून न्यूझीलंड पाहिलं. मोठी रायफल केतकीने विकली. माझ्या खांद्यावरचा डाग जांभळ्याचा हिरवा, हिरव्याचा पिवळा झाला आणि तो घेऊनच मी परतले. ह्यांनी विचारलं, "काय आणलंस?" मी पदर सरकवून दाखवलं.

दिवाळीआधी तिला पुढच्या थंडीसाठी पाठवायला स्वेटर घ्यायला लक्ष्मी रोडवर गेले. दुकानदाराने न विचारताच मोठा काढला. "वहिनी, नेहमीप्रमाणे."

"थांबा जरा," म्हटलं आणि तिथूनच केतकीला फोन लावला. "छातीचं माप सांग गं तुझं."



"आई, हे तू पहिल्यांदा विचारतेयस."

डाग केव्हाच गेला होता, तरी खांद्यात बारीकशी कळ आली.

"सांग की," मी म्हटलं, "दुकानदार थांबलेत."