तित्तराला घातलेली साद

काल जावयाला दाखवायला ह्यांनी भिंतीवरचा तिरकमठा पुन्हा काढला आणि माझं डोकं सणकलं.

लग्नानंतरचा पहिलाच चैत्र होता. धावड्याच्या रानात हरभऱ्याचं वाळलं भूस अजून दरवळत होतं. सकाळी आम्ही दोघं बांधाआड दबून बसलो. मला तित्तराच्या मादीचा आवाज हुबेहूब काढता यायचा. हे म्हणाले, "काढ की एकदा. नुसतं बघायचंय." मी साद घातली. नर उत्तर देत, मान ताणून, पळत थेट माझ्याकडे आला. तेवढ्यात माझ्या कानाजवळ तिरकमठ्याची अंबाडीची दोरी झणाणली आणि बाण सुटला.

त्याचा रस्सा मलाच करावा लागला. मी मात्र कोरडी भाकरी खाल्ली.

"एका बाणात पाडलं! नेम बघा," हे काल जावयाला सांगत होते. चाळीस वर्षं मी हेच ऐकत आलेय.

"नेम कसला वो?" मी कडाडले. "आंधळ्यानंबी मारलं असतं. माझ्या भरवशावर आल्तं ते."

जावई हसला. "मामी, काढा की तो आवाज. नुसतं ऐकायचंय."

"न्हाई," मी म्हणाले. "तुमच्या सासऱ्यांनीबी त्या दिशी बराबर असंच म्हणल्तं."