तोंडी ऑर्डर आणि माझा थांबलेला हात

पोरींनो, हे मेसच्या फळ्यावर लावते आहे. जेवायला बसण्याआधी वाचा.

सकाळी आपल्या नर्सेस संघटनेच्या आम्ही चौघी विधानभवनात एका आमदारसाहेबांना भेटलो. नव्या विधेयकात आहे, की डॉक्टरच्या लेखी ऑर्डरशिवाय इंजेक्शन दिलं तर नर्सची नोंदणी रद्द. डॉक्टर तोंडी सांगून निघून जातात, सही मागाहून होते, हे आम्ही परोपरीने सांगितलं. साहेब हसले. "मग देऊ नका ना!" वर चहा मागवला. एकीनेही तो घेतला नाही.

दुपारी वॉर्डात कामठीचा एक विणकर दम्याने तडफडत होता. डॉक्टर दारातूनच म्हणाले, "सिस्टर, नेहमीचं इंजेक्शन द्या, सही नंतर करतो," आणि ऑपरेशनला गेले.

उकळलेल्या सिरिंजमध्ये मी औषध भरलं आणि हात थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

त्याच्या बायकोने माझं मनगट धरलं. "सिस्टरबाई, सुई काहून थांबवली? माहा माणूस मरून राहिला!"

दिलं मी इंजेक्शन. तो वाचला. सही अजून झालेली नाही.

विधेयक तर अजून पास व्हायचंय, आणि माझा हात आजच थांबला. उद्या तुमचा थांबेल, तेव्हा खाटेजवळ मनगट धरणारं कोणी नसलं तर?