ओ द्यायची नाही

सुमन, वय चार वर्षं, माझी धाकटी बहीण. तिच्यावर अन्याय झाला तो महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात, मार्गशीर्षात, मलकापुरात जिनामागच्या झोपड्यांच्या ओळीत, दुपारचा भोंगा व्हायच्या थोडं अगोदर. कुठं आणि कधी, ते सांगून टाकलं. कुणी केला हे सांगणं मात्र इतकं सोपं नाही, कारण त्यात हात बऱ्याच जणांचे होते आणि त्यांतला सगळ्यांत मायेचा हात आमच्या मायचा होता.

त्या हिवाळ्याचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. कापसातली सरकी वेगळी काढणारा तो कारखाना, म्हणजे आमचं जीन, दिवाळी सरली की जागं व्हायचं. कापसानं फुगलेल्या बैलगाड्यांची रांग पार सडकेपर्यंत जायची आणि सरकीचा तेलकट वास, शेणाचा ऊबदार वास, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज हे सारं एकमेकांत मिसळून आमच्या झोपडीच्या कुडातून आत झिरपायचं. कूड पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या वाळक्या काटक्यांचा. वरून मातीचं लिंपण. जिथं लिंपण गळालं होतं तिथून उन्हाच्या बारीक रेघा आत येत, त्यांत रुईचे तंतू संथपणे तरंगत, आणि मी नि सुमी त्या रेघा जमिनीवरून सरकताना पाहत बसत असू. आमचा दिवस त्या रेघांवरच पुढं जायचा. बाहेरून कुलूप असायचं.

कुलूप का, असं विचारणाऱ्या सज्जनांना मी आधी आमच्या ओळीमागची विहीर दाखवते. बिनकठड्याची. तिच्या पलीकडं आगगाडीचा रूळ, अलीकडं गाड्यांचे बैल. जिनात पोरं न्यायची पूर्वी सोय होती, आया त्यांना रुईच्या ढिगावर निजवत. पण रेच्यांचे, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांचे, पट्टे उघडे फिरतात म्हणून मुकादमानं ती बंद केली. बरोबरच केलं. पण मग पोरं ठेवायची कुठं, हे सांगायला तो बांधलेला नव्हता. "लेकरं तुमचे, दार तुमचं, कुलूप तुमचं," तो म्हणायचा, "मालकाचं काय हाय त्यात?" बाप नांदुऱ्याला मालधक्क्यावर हमाली करायचा, आठवड्यातून एकदा यायचा. म्हणून आमच्या ओळीत सकाळचा भोंगा झाला की दारोदार कड्या लागायच्या आणि त्यांचा खळखळाट ओळभर ऐकू यायचा. आजही येतो.

आता कुलूप पोरांना आत ठेवतं, गप्प ठेवत नाही. पोर रडलं, ओरडलं, तर शेजारची म्हातारी उठते, दार खिळखिळं करते, पोर बाहेर येतं आणि विहिरीकडं जातं. म्हणून कुलपाच्या जोडीला भीती लागते. ती ओळीतल्या सगळ्या आयांनी मिळून तयार केली होती, जशा त्या मिळून पापड लाटायच्या. त्या वर्षी नदीवर पुलाचं काम चाललं होतं आणि गावभर कुजबुज होती की पुलाच्या पायात लेकरं पुरल्याशिवाय खांब उभा राहत नाही. माय डोक्यावर फडकं बांधता बांधता सांगायची, "पुलाचे लोक दिवसाढवळ्या येतात. दार वाजवतात. नाव घेऊन हाका मारतात. माह्या आवाजातही मारतीन, ध्यानात ठेवा. ओ दिली का गेली समजा."

मी विचारलं होतं, "अन् तू खरोखरची आली तर?"

"मी हाक काऊन मारीन? माह्यापाशी किल्ली हाय ना."

किती नेमकं उत्तर! साऱ्या वऱ्हाडात असं चोख उत्तर दुसरं कुणाला सुचलं नसतं. किल्ली पदराच्या टोकाला घट्ट बांधलेली असायची.

त्या दुपारी रेचे अचानक थांबले. सतत चालू असलेली घरघर थांबली की कानात एक पोकळी होते, तिचीच आधी भीती वाटली. कापसात खडा आला होता, रेच्यात ठिणगी उडाली होती, हे सगळं नंतर कळलं. तेव्हा फक्त एवढंच दिसलं की उन्हाच्या रेघांमधले रुईचे तंतू काळे झाले आहेत. मी कुडाच्या फटीला डोळा लावला. आभाळातून पेटलेल्या रुईचे पुंजके येत होते, सावकाश, घाई नसलेल्या पाखरांसारखे, कडेनं लाल, मधे पांढरे. इतकं सुंदर आणि इतकं भयंकर असं काही मी त्यानंतर पाहिलेलं नाही. एक पुंजका समोरच्या छपरावर उतरला, क्षणभर नुसताच बसला, आणि मग छपरानं पेट घेतला.

ओळीत धावपळ सुरू झाली. दारं धडधडू लागली. "आत कोण हाय?" अनोळखी पुरुषांचे आवाज. आमच्या दारावर थाप पडली तेव्हा सुमीनं माझा हात पकडून मला कणगीमागं ओढलं. थाप पुढच्या दाराकडं गेली. मग रहीमचाचा आले. ते गाडीवान, मायशी भावासारखे वागणारे, आम्हांला गाडीत पुढं बसवून फिरवणारे. त्यांचा आवाज मला अंधारातही ओळखू आला असता.

"मंगे! सुमे! आत हाय का वं? बोला ना वं, आग लागून राह्यली!"

धूर आता जमिनीलगत येऊ लागला होता. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं, "चाचा" हा शब्द जिभेवर आला होता. पण सुमीचा चिमुकला, घामट तळवा माझ्या तोंडावर गच्च बसला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण घशातून आवाज येत नव्हता. नाव घेऊन हाक मारली होती ना. ओळखीच्या आवाजात मारली होती ना. मायनं सांगितलं ते एकेक खरं होत होतं.

"आत कोणी नाही वाटते," बाहेर चाचा कुणाला तरी म्हणाले, "कोणी नेल्या असतीन पोरी." आणि पावलं लांब गेली.

त्या लांब जाणाऱ्या पावलांची भीती मला कुठल्याही भाषणात सांगता आलेली नाही. पत्रकात तर ती मावतच नाही. वाचवणारा माणूस निघून जातो आहे हे मला कळत होतं आणि तो निघून गेल्यामुळं आपण वाचलो असं माझ्या बहिणीला वाटत होतं. एकाच कणगीमागं, एकाच धुरात.

मग मायचा आवाज आला. जिनाच्या फाटकातल्या रेटारेटीत तिच्या पदराचं टोक फाटून गेलं होतं, किल्लीसकट. म्हणून ती हाक मारत होती. "मंगे! सुमे! ओ द्या वं माह्या बायांनो!" मायचा आवाज, पण फाटलेला, किंचाळणारा, मायचा नव्हेच असा. किल्ली असलेली माय हाक कशाला मारील? या वेळी मीही ओ दिली नाही.

"आत कोणी नाही, बाई," चाचा सांगत होते, "मी लय हाका मारल्या."

"कोणी नाही कसं? आतच हायेत! म्याच शिकवलं त्याइले ओ देऊ नका म्हणून!"

हे वाक्य मी कुडाआडून ऐकलं. आपणच बांधलेली गाठ आता आपल्यालाच सुटत नाही, हे त्या बाईला भर आगीत, सगळ्या ओळीसमोर, ओरडून कबूल करावं लागलं. मग माय नि चाचांनी दाराचा नाद सोडला आणि मागचा कूड नखांनी ओरबाडायला सुरुवात केली. लिंपण ढासळलं, पऱ्हाट्या मोडल्या, आणि त्या भगदाडातून धुरानं काळा झालेला एक हात आत आला, चाचपडत, सुमीच्या दंडापर्यंत. सुमी त्या हाताला कडाडून चावली. रक्त येईपर्यंत. तो हात मागं गेला नाही.

आम्ही वाचलो. ओळीतल्या सगळ्यांची पोरं वाचली. त्यामुळं ही बातमी झाली नाही.

पण वाचलं ते काय? सुमी मुकी नाही. समोर बसवलंत तर शेळीच्या करडाविषयी तासभर बोलेल. फक्त तिला हाक मारली, नाव घेऊन, की ती अंग चोरते आणि ओठ मिटून घेते. शाळेत गुरुजी हजेरी घेत. "सुमन." शांतता. पहिल्याच रांगेत बसलेली पोरगी दररोज गैरहजर! "समोर बसून मूग गिळते," असं म्हणत गुरुजी हसायचे, वर्ग हसायचा, आणि शेवटी तिचं नाव कमी झालं. ओळीतल्या बायांनी तिचं नाव 'घुमी' ठेवलं. आता ती वयात आली आहे आणि मायसोबत जिनात जाते. तिथं भोंगा बोलावतो, नाव कुणी घेत नाही, म्हणून तिला तिथं बरं वाटतं. हे मला तिनंच सांगितलं. ते ऐकून मी घराबाहेर जाऊन रडले.

माझं उलटं झालं. मी बोलत सुटले, चौकात, फाटकावर, सभेत. लोक म्हणतात मंगलला भीती ठाऊक नाही. खोटं आहे. माझी घोषणा ही आवाज चढवलेली भीतीच आहे. मुलांच्या वाढीवर आमच्या गावात व्याख्यानं होतात, दूध, फळं, सद्विचार. आणि त्या सभामंडपापासून हाकेच्या अंतरावर मुलं कुलपात वाढतात, आयांची मजुरी आणि शेजाऱ्यांची अफवा मिळून त्यांचा स्वभाव घडवतात. त्याला कुणी शिक्षण म्हणत नाही. आमच्या ओळीत तेवढं एकच शिक्षण सगळ्यांना मिळालं.

या हंगामात मी कुलपातल्या मुलांविषयीची पत्रकं घेऊन ओळीत गेले. एका बाईनं एक पत्रक उलटसुलट करून पाहिलं आणि ती म्हणाली, "वाचता कोणाले येते वं? भाकर बांधाले मात्र बरा हाय हा कागद." आम्ही दोघी हसलो. मग ती कामाला गेली, जाताना बाहेरून कडी, कुलूप. दुपारी त्याच दारावरून परत येताना मला आतून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मी थांबले. दारावर हलकेच टकटक केलं, मुलाचं नाव मला माहीत होतं, ते घेतलं, जमेल तितक्या मऊ आवाजात.

आतला श्वास थांबला. अगदी स्पष्ट ऐकू आलं, थांबला.

आणि मला उमगलं की त्या दाराच्या आतून पाहिलं तर पुलाची माणसं म्हणजे मी आहे. माझा गोड आवाज, माझी चांगली इच्छा, माझी पत्रकं, सगळं त्या मुलाला तसंच दिसणार. कितीही प्रेमानं बोलावलं तरी कुलपाबाहेरचा माणूस कुलपाबाहेरचाच. मग मुलांशी बोलून काय होणार? बोलायला हवं ते पदरात किल्ली असूनही दुसरा इलाज नसलेल्या आयांशीही नव्हे, तर जिनाचं फाटक ज्यांच्या हातात आहे त्यांच्याशी.

जिनाच्या फाटकाला लागून जुन्या गोदामाची पडवी आहे. हंगामभर रिकामी. तिथं मुलं ठेवायला द्या, त्यांच्याजवळ बसायला एक बाई नेमा, आयांना दुपारी त्यांना भेटू द्या: एवढंच मागायचं आहे. मी एकटी मागायला गेले तेव्हा मुकादम म्हणाला, "जीन चालवतो का पाळणाघर?" आणि आसपासचे सगळे हसले. तुम्ही हा लेख वाचता आहात, म्हणजे दुकानदार असाल, वकील असाल, मास्तर असाल. मालक तुम्हांला रामराम करतो, तुमच्यासमोर कुणी हसणार नाही. येत्या सोमवारी सकाळच्या भोंग्याआधी जिनाच्या फाटकाशी या. भाषण करू नका, वर्गणी देऊ नका. माझ्या शेजारी उभे राहा आणि पडवीची मागणी तुमच्या तोंडानं करा.