मामांची दौंडची खेप

आमच्या मामांइतका बोलका माणूस आख्ख्या शिरूर तालुक्यात झाला नाही, आणि नेमक्या गरजेच्या वेळी त्यांच्याइतकी दातखीळ बसलेलाही दुसरा कुणी झाला नसेल. ग्रामसभेत ते सरपंचाला बोलू देत नसत. एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसाला न्हावरं येईपर्यंत आपल्या गाईच्या बाळंतपणाची सगळी हकिगत ऐकवून मोकळे होत.

मामीला पाठोपाठ दोन मुलं झाली. अंगात रक्त इतकं कमी, की डॉक्टरांनी बजावलं, आता काही वर्षं दिवस जाता कामा नयेत. गोळ्यांनी तिला गरगरायचं, तांबी बसवली तर अंगावरून जायचं, आणि रक्त वाढल्याशिवाय ऑपरेशन नको म्हणून डॉक्टरच सांगत. राहता राहिले मामा. गंमत अशी, की निरोधची पाकिटं त्यांच्या घरातच होती. धाकट्या भावाची बायको गावची आशाताई. साऱ्या गावाला ती फुकट वाटायची. पण मामा तिचे भासरे, थोरले दीर; त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी. मामीनं एकदा तिच्याकडून पाकीट आणलं, तर मामा आठवडाभर गोठ्यात जेवले. "तिच्याकडनं पुन्हा आणू नगंस," म्हणाले, "मला तिच्या हातची भाकरी खायची हाय."

न्हावऱ्यात आणि शिरूरला मेडिकलवाले ओळखीचे, म्हणून मग ते दौंडला जाऊ लागले. दुकानासमोर उभं राहून गर्दी ओसरायची वाट बघायची, आणि पाळी आली की बाम मागायचा. एकदा काउंटरवर मुलगी निघाली, एकदा मागे सोयरेच उभे. घरात बाम इतका साठला, की मामा तो गाईच्या गुडघ्यालाही चोळू लागले. मामी हसायची, आणि हसता हसता म्हणायची, पुढच्या खेपेला तरी आणा.

तिला पुन्हा दिवस गेले. मूल सातव्या महिन्यात आलं आणि राहिलं नाही. मामी वाचली, पण आता ओट्यापर्यंत जायलाही तिला भिंत धरावी लागते. मामांनी कुणालाही न विचारता स्वतःची नसबंदी करून घेतली. ती हकिगत ते सगळ्यांना सांगतात, नव्या नवरदेवांना तर पारावर अडवून. मला त्यांचं कौतुक वाटतं, आणि वाईट त्याहून जास्त वाटतं.

परवा मी गेले तेव्हा त्यांचा आवाज ओसरीवर ऐकू येत होता, "लाजायचं काय त्यात?" मामी लसूण सोलत होती.

"चांगलंच करत्यात," ती मला म्हणाली. "दुसऱ्यांच्या बायका तरी वाचत्याल."

तिच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. मामा कधी आत आले, मला कळलं नाही. त्यांनी ते ऐकलं होतं. ते तिच्याजवळ बसले, तिच्या पुढ्यातला लसूण ओढून घेतला आणि खाली मान घालून सोलत राहिले.