गाडी दोघांची, पंप माझा

कवळीवाल्याचा हात जितका हलका, तितकी जीभ जड. दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या बनवायचं काम तो राहत्या घरातच, पुढच्या खोलीत करायचा. निम्म्या गावाच्या तोंडात त्याचे दात होते, पण सख्ख्या भावाशी दोन शब्द धड बोलायला त्याचं तोंड उघडत नसे.

धाकटा भाऊ खालच्या मजल्यावर राहायचा. शाळेत कारकून होता. वडील गेल्यावर मजले वाटून झाले, भांडी वाटून झाली, गाडी तेवढी कापता येईना. मग ठरलं, एक आठवडा याचा, एक त्याचा. पेट्रोल ज्याचं त्याने भरायचं.

इथेच माशी शिंकली. आपण भरलेलं पेट्रोल दुसऱ्याने जाळायचं, हे दोघांनाही सोसेना. आपला आठवडा संपताना टाकी कोरडी करूनच गाडी सोडायची, हा दोघांचा नेम. काटा कायम तळाला. किल्लीसुद्धा हातात द्यायची नाही, जिन्यातल्या खिळ्याला अडकवायची.

एकदा कवळ्यांचा खोका घेऊन कवळीवाला दवाखान्याकडे निघाला होता. पुलाच्या चढावर गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ. धाकट्याने पुन्हा थेंबावर आणून सोडली, असं म्हणून त्याने भावाचा उद्धार केला, पायपीट करून कॅनमधून पेट्रोल आणलं, ओतलं. गाडी ढिम्म.

मेकॅनिकने मागची सीट उचलली, टाकीला कान लावला.

"पंप गेलाय. टाकीतलं पेट्रोलच त्याला गार ठेवतं. तुमची टाकी बघावी तेव्हा रिकामी. तापून तापून जळला."

"किती?"

"पंपाचे आठ हजार. टाकी उतरवायची, चढवायची, मजुरी दीड हजार."

"अरे, दात मागतोयस की अख्खा जबडा?"

"स्वस्तातला पंपही मिळतो. पुन्हा त्याच पुलावर भेटू."

संध्याकाळी कवळीवाल्याने धाकट्याला जिन्यात गाठलं.

"निम्मे काढ."

"बंद कोणाच्या आठवड्यात पडली?"

"जळला तुझ्या चिकटपणाने!"

"आणि तू टाकी ओसंडेपर्यंत भरत होतास का, दादा?"

"बाबा असते तर कान उपटले असते तुझे."

"बाबांचं नाव काढू नकोस. दवाखान्यात रात्री कोण बसत होतं आणि कोण कवळ्या घासत होतं, ते सगळ्यांना माहीत आहे."

वर एक दार आपटलं, खाली एक.

कवळीवाल्याने सगळे पैसे एकट्याने भरले. मेकॅनिक पंप बसवत होता तेव्हा त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "हा चालूच होऊ नये असं करायचं असेल तर?" चोरांच्या भीतीने विचारतोय, असं मेकॅनिकला वाटलं. त्याने बॉनेटखालच्या फ्यूजच्या पेटीतला काडेपेटीपेक्षा लहान काळा डबा उपटून दाखवला. "हा रिले. हा काढला की पंप मुका."

रविवारी कवळीवाल्याने किल्ली खिळ्याला अडकवली आणि रिले खिशात घातला. सोमवारी सकाळी खाली धाकटा किल्ली फिरवून फिरवून घामाघूम झाला. शेवटी मेकॅनिकला फोन करून बॉनेट उघडलं, तेव्हा रिले गायब असल्याचं कळलं. त्याने वर पाहिलं. कवळीवाला खिडकीतच उभा होता.

"गाडी दोघांची आहे, पंप माझा आहे. ढकलत ने!"

"अहो, शोभतं का हे तुम्हाला?" बायकोने विचारलं. त्याने कवळ्या घासायचं यंत्र सुरू केलं. त्या घरघरीत कोणाचंच ऐकावं लागत नसे.

त्याच आठवड्यात एका सुट्टीच्या दिवशी धाकट्याच्या बायकोच्या हातावर उकळत्या पाण्याचं पातेलं उपडं झालं. कवळीवाल्याची बायको बाहेर गेली होती. धाकटा धावत वर आला, दारावर थापा मारू लागला. यंत्राच्या आवाजातून कवळीवाल्याला एवढंच ऐकू आलं, "दादा, रिले दे!"

"आधी पैसे ठेव!" तो आतूनच ओरडला. उठला नाही.

थापा थांबल्या. आपण जिंकलो, असं वाटून तो पुन्हा कामाला लागला. खाली धाकट्याने रस्त्यात आडवं होऊन एक टेम्पो थांबवला.

संध्याकाळी बायको शेजाऱ्यांकडून सगळं ऐकून आली. कवळीवाल्याने यंत्र बंद केलं. तो तसाच हॉस्पिटलात गेला. धाकटा खोलीच्या दारात उभा होता.

"आत यायचं नाही."

"अरे, मला ऐकूच..."

"चालू लाग."

पट्टी निघायच्या आधीच धाकट्याची बायको स्वतः वर आली. चांगल्या हाताने तिने पाकीट कवळ्यांच्या साच्यांमध्ये ठेवलं.

"पंपाचे निम्मे. आता पंपही दोघांचा. आणि भाऊजी, आम्हाला गाडी विकायची आहे."

"अगं, तुझा हात भाजलाय हे मला खरंच कळलं नाही."

"दार उघडलं असतं तर दिसलं असतं."

ती जिना उतरून गेली.

गाडी मेकॅनिकनेच घेतली. पंप नवा आहे, असं कवळीवाल्याने दोनदा बजावलं. "पंप नसलेली गाडी कोण घेतं? त्याचे वेगळे कसले पैसे?" मेकॅनिक म्हणाला. आलेली रक्कम दोन ठिकाणी गेली.

हल्ली दोघेही बसनेच जातात. थांबा एकच. कवळीवाला खोका छातीशी धरून एका टोकाला उभा राहतो, धाकटा दुसऱ्या टोकाला. बस आली की कवळीवाला एक पाऊल मागे घेतो, त्याला आधी चढू देतो. धाकटा चढत नाही. पुढच्या बसची वाट बघतो.