बडतर्फीचा कागद

पाहुणा मनगटाला सॅनिटायझर चोळत होता. मी धरलं होतं, बरोबर तिथंच. तीनदा चोळलं. सफारीच्या गेटावर, चाळीस जिप्सींसमोर. चाळीस मी म्हणतो, असतील बारा. पण डोळे चाळीस जिप्सी भरतील एवढे होते.

वनखात्याच्या साहेबांनी कागद मोठ्यानं वाचला. पाहुण्याच्या अंगाला हात लावल्याबद्दल मला गाइडच्या कामावरून बडतर्फ करण्यात येत आहे. वाचून झाल्यावर म्हणाले, "शर्ट काढ."

गाइडचा खाकी शर्ट, पण कापड माझं. शिलाई माझी. तरी काढला. भर उन्हात बनियनवर उभा राहिलो.

पाहुण्यानं वाटेतूनच फोन लावला होता. जिप्सी गेटावर पोचेस्तोवर कागद टाइप होऊन सहीसकट तयार. माझा जातीचा दाखला निघायला दोन वर्षं लागली होती.

झालं होतं एवढंच. फोटोसाठी पाहुणा खाली उतरला. बांबूत वाघीण, पिलांवाली, वीस फुटांवर. मी त्याचं मनगट धरून त्याला आत ओढलं.

हे कोणी मानलं नाही. त्यात माझाही वाटा आहे. अठरा वर्षं मी थापाच मारल्या. माझ्या वाघाची शेपटी जिप्सीच्या पुढून मागपर्यंत पुरायची. एकदा तर तो मला कोळशाच्या खाणीचा रस्ता विचारून गेला. पाहुणे पोट धरून हसायचे. खरी वाघीण सांगितली तेव्हा मात्र कोणी हसलंही नाही. सोबतचा ड्रायव्हर चाकाकडे पाहत राहिला. त्यालाही आपली फेरीची पाळी टिकवायची होती.

मग तो शब्द माझ्या मागं लागला. छपराच्या कवेलूवर माकड खेकसलं तरी मला बडतर्फच ऐकू यायचं. हापशीवर बाया मला पाहून गप्प व्हायच्या. भात कालवताना हाताला सॅनिटायझरचा वास यायचा. मी ते कधी लावलंच नव्हतं. धुऊन धुऊन कातडी सोलली. अन् बोटं आपोआप छातीवर जायची. नसलेल्या गुंड्या काढायला.

कोरपन्याकडची माझी मोठी बहीण भेटायला आली. ती शाळेत खिचडी शिजवते. तिनं कागद दोनदा वाचला अन् हसली. मला राग आला.

"बडतर्फ नोकरीवाल्याले करतात रे," ती म्हणाली. "आमाले तं 'उद्यापासून येऊ नको', एवढंच. तुले नेमल्याचा कागद कुठी हाय?"

"नाई."

"मंग ज्याले ठेवलाच नाई, त्याले काढला कसा?"

मी मांडीवर हात ठेवला. तिथं अस्वलानं फाडलेली जागा आहे. तेव्हा उपचाराचा खर्च मागायला गेलो तर याच ऑफिसनं सांगितलं होतं, तू आमचा नोकर नाहीस. आता त्याच ऑफिसच्या शिक्क्याखाली लिहिलं होतं की होतो. अठरा वर्षांत माझ्या नावाचा त्यांनी दिलेला हा पहिला कागद.

मी जाऊन ऑफिसातल्या बाबूला बहिणीचाच प्रश्न विचारला. तो चहा तसाच ठेवून साहेबांच्या खोलीत गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः बोलावलं. बसायला खुर्ची. टेबलावर माझा शर्ट, धुऊन घडी केलेला.

"उद्यापासून ये कामावर. शब्द जरा चुकीचा पडला. तो कागद दे इकडे."

शर्टाकडे पाहून माझा जीव तुटला. खोटं कशाला सांगू. त्या शर्टात माझं सगळं जंगल होतं.

"साहेब, नेमल्याचा कागद द्या. मंग हा घ्या."

"पुन्हा गेटात पाय ठेवता येणार नाही तुला."

शर्ट टेबलावरच सोडून मी उठलो.

गेटात अजून पाय ठेवलेला नाही. वाघ दिसल्याचा चितळाचा इशारा ऐकू आला की कुंपणापर्यंत जातो अन् परत फिरतो. बोटं अजून छातीवर जातात. कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवलाय. त्याच्या झेरॉक्स गेटावरच्या प्रत्येक गाइडला दिल्यात, त्या ड्रायव्हरलाही. मी नोकर होतो म्हणून चंद्रपूरला कामगार न्यायालयात अर्ज टाकलाय.

तिथं मी एकही थाप मारणार नाही. वाघीण वीस फुटांवर होती. मी त्याचं मनगट धरलं.

पुन्हा धरीन.