आयुधपूजेत राहून गेलेली नोंद

बेळगोळच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आणि मेल दोन्ही माझ्याच गळ्यात. आयुधपूजेसाठी, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या यंत्रपूजेसाठी, झाडलोट चालली असताना मेलचा सर्व्हर वरच्या मजल्यावर नेला, नव्या इंटरनेट लाइनला जोडला. असं केलं की एक नोंद बदलावी लागते. आपल्या नावाचे मेल कुठल्या पत्त्यावरून निघतात ते त्यात जाहीर असतं. पत्ता जुळला नाही की समोरच्याचा सर्व्हर मेल सरळ स्पॅममध्ये ढकलतो. मी बदलायला बसलेच होते, तर मॅनेजर ओरडले, "अय्यो मॅडम, कुंकू लावून झालंय, आता हात लावू नका!" मीही म्हटलं, देवाचं काम, सुट्टीनंतर बघू. सर्व्हर मात्र चालूच होता, आणि भरतीची पत्रं त्या संध्याकाळी आपोआप निघाली.

सुट्टी संपवून आले तर भरती बघणाऱ्या बाई दारातच. "पाच जणांना निवडीची पत्रं गेली, एकाचंही उत्तर नाही हो! आज पाचपर्यंतच मुदत आहे."

माझ्या घरच्या मेलवर एक पत्र पाठवून पाहिलं. स्पॅममध्ये! मेलं माझं लक्षण, नोंद विसरलेच होते. लगेच ती बदलली, पण सगळीकडे पोचायला तिला काही तास लागतात. तोवर बाईंनी फोन लावले. चौघं फोनवर भेटली. जयलक्ष्मीपुरमच्या एका मुलीचा फोन बंद. दर दहा मिनिटांनी मी लावत राहिले.

पावणेपाचला माझा चाचणीचा मेल इनबॉक्समध्ये पडला. सुटले गं बाई, म्हणून मी खुर्चीत टेकले. पाचला मुदत संपली की उत्तर न देणाऱ्याची जागा पुढच्या उमेदवाराला देणारी पत्रं आपोआप निघतात; ती थांबवायचं मला सुचलं नाही, बाईंनाही नाही.

सहाला त्या मुलीचा फोन आला. "मॅडम, आत्ता तुमचा मेल आला. उत्तर दिलं नाही म्हणून जागा दुसऱ्याला दिली, असं लिहिलंय. पण मला आधी काही आलंच नाही." तोवर त्या दुसऱ्याचा होकार येऊन मॅनेजरांची सहीही झाली होती.

तोंडातून निघून गेलं, "स्पॅममध्ये बघतेस का?"

तिने फोनवरच उघडून पाहिलं.

"आहे मॅडम. अभिनंदन, असं लिहिलंय."